खेळाडूंचें वेतन आणि संघांची ऐपत

“अंथरूण पाहून पाय पसरावे” ही म्हण आपल्याकडे घरोघरीं ऐकूं येते. संसार करणारास ती जितकी लागू, तितकीच दुकानदारास, शेतकऱ्यास आणि संस्था चालविणारासही लागू आहे. परंतु जगांत असा एक व्यवसाय आहे कीं, त्यांत ही म्हण पाळणारा बहुधा हरतो, मोडणारा कांहीं काळ जिंकतो, आणि शेवटीं दोघेही बुडण्याची भीति उत्पन्न होते. तो व्यवसाय म्हणजे वेतन घेऊन खेळला जाणारा फुटबॉलचा खेळ. अमक्या खेळाडूस इतके कोटि मिळाले, तमक्या संघानें इतके कोटि खर्चिले, अशा वार्ता वर्तमानपत्रांत नित्य येतात. त्या वाचून लहानांचे डोळे दिपतात व वडीलधारी माणसें मान हालवितात. पण हा पैसा येतो कोठून, तो किती खर्चावा यास कांहीं मर्यादा असते कीं काय, आणि ती नसली तर काय होतें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो विचार सोप्या रीतीनें वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ठाणें जिल्ह्यांतील वाचकांस हा विषय दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडांगण आपल्याच जिल्ह्यांत आहे. २०१४ सालीं इंडियन सुपर लीग ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हां ‘मुंबई सिटी’ या संघाचे घरचे सामने आरंभीं तेथेंच झाले. सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेंतील कांहीं सामने २०१७ सालीं तेथें झाले, व त्याच वयाच्या मुलींच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना २०२२ सालीं तेथेंच झाला. ते पाहून ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील कित्येक मुलांच्या मनांत आपणही हाच खेळ पोटापाण्याचा धंदा करावा, असें येतें. अशा मुलांच्या आईबापांस तर हा प्रश्न अगदींच जिव्हाळ्याचा आहे; कारण ज्या संघांत मुलगा जावयाचा, तो संघच चार वर्षांनीं नाहींसा झाला तर मुलाचें काय होणार?

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. खेळाचा धंदा हा इतर धंद्यांसारखा नाहीं. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर दोन वाण्यांचीं दुकानें समोरासमोर आहेत असें समजूं. एकाचें दुकान बंद पडलें तर दुसऱ्यास आनंदच होईल. कारण सर्व गिऱ्हाईक त्याच्याकडे वळेल. परंतु फुटबॉलच्या संघाचें तसें नाहीं. प्रतिस्पर्धी संघ उरलाच नाहीं तर सामना कोणाशीं खेळावयाचा? इतकेंच नव्हे, तर प्रतिस्पर्धी फार दुबळा झाला तरी नुकसानच. कारण निकाल आधींच ठाऊक असलेला सामना पाहावयास तिकीट काढून कोण येणार? म्हणून ज्याला जिंकावयाचें आहे, त्यालाच प्रतिपक्षाच्या जगण्याचीही काळजी वाहावी लागते. ही या धंद्याची विलक्षण अडचण आहे, आणि वेतनाच्या मर्यादेचा सारा प्रश्न तींतूनच जन्मास आला आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊं. ठाणें, कल्याण, डोंबिवली आणि अंबरनाथ या चार गांवांचे चार संघ आहेत व त्यांची एक स्पर्धा दरसाल होते, असें समजा. ठाण्याच्या संघाचें वार्षिक उत्पन्न ४० लाख रुपये, कल्याणचें ३० लाख, डोंबिवलीचें २० लाख व अंबरनाथचें १० लाख आहे. आरंभीं चौघेही आपापल्या ऐपतीप्रमाणें खर्च करीत होते. एके वर्षीं ठाण्यानें पांच लाख अधिक खर्चून एक चांगला गोल करणारा खेळाडू आणला. तें पाहून कल्याणनें पांच लाख खर्चून एक चांगला गोलरक्षक आणला. मागें राहिलों तर प्रेक्षक जातील, या भीतीनें डोंबिवलीनें कर्ज काढलें व अंबरनाथनें संघाच्या मालकीची जागा गहाण ठेविली. वर्षअखेर चौघांचाही खर्च पांच पांच लाखांनीं वाढला. परंतु चषक एकच, पहिला क्रमांक एकच, आणि शेवटचा क्रमांकही एकच! सर्वांनीं मिळून वीस लाख रुपये जास्त वेंचले, आणि तरीही क्रमांक होते तसेच राहिले. यांत कोणी मूर्ख होता काय? नाहीं. प्रत्येकानें आपल्यापुरता शहाणपणाच केला. परंतु चार शहाणपणांची बेरीज मात्र वेडेपणा झाली.

अशा प्रकारची चढाओढ आपल्या ठाण्यांत दहीहंडीच्या दिवशींही दृष्टीस पडते. एका पथकानें सात थर लावले कीं दुसरें आठ लावतें. तें पाहून तिसरें नवाचा हट्ट धरतें. २०१२ सालीं जोगेश्वरीच्या ‘जय जवान’ पथकानें ठाण्यांत नऊ थर रचले, त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. थर वाढत गेले तसा पडणारांचा धोकाही वाढत गेला. २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें हंडीची उंची २० फुटांहून अधिक नसावी असा निर्णय दिला. पुढें तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि २०१७ सालीं उंचीची मर्यादा उठून केवळ लहान मुलांच्या वयाची अट राहिली. मर्यादा उठतांच थर पुन्हां चढूं लागले, व २०२५ सालीं ठाण्यांतच दहा थर लागले. उंचीची मर्यादा योग्य कीं अयोग्य, हा येथें वाद नाहीं. सांगावयाचें इतकेंच कीं, अशा चढाओढींत एकट्यादुकट्यानें थांबावयाचें म्हटलें तरी थांबतां येत नाहीं. थांबावयाचें तर सर्वांनीं एकदम थांबलें पाहिजे. यासाठींच सर्वांस सारखा लागू असा नियम लागतो.

फुटबॉलमध्यें असा नियम प्रथम इंग्लंडांत झाला. तेथील फुटबॉल लीगमध्यें १९०१ सालापासून असा नियम लागू झाला कीं, कोणत्याही खेळाडूस आठवड्यास चार पौंडांहून अधिक वेतन देऊं नये. मोठ्या शहरांच्या श्रीमंत संघांनीं लहान गांवांचे चांगले खेळाडू ओढून नेऊं नयेत, असा त्याचा उद्देश सांगितला जात असे. उद्देश चांगला, पण परिणाम काय झाला? सामन्यांस सहस्रावधि प्रेक्षक जमत, तिकिटांचा पैसा येई, परंतु ज्याच्या पायांच्या कौशल्यावर हा सारा पसारा उभा होता, त्या खेळाडूच्या हातीं ठराविक चार पैसेच पडत. ही मर्यादा हळूहळू वाढत जाऊन १९५८ सालीं आठवड्यास २० पौंडांवर आली. शेवटीं जिमी हिल या खेळाडूच्या पुढारीपणाखालीं खेळाडूंच्या संघटनेनें संपाची तयारी केली, आणि १९६१ च्या जानेवारींत ही मर्यादा रद्द झाली. त्यानंतर लवकरच इंग्लंडचा कर्णधार जॉनी हेन्स यास फुलहॅम संघानें आठवड्यास १०० पौंड देऊं केले. साठ वर्षें टिकलेला नियम मोडतांच एका खेळाडूची किंमत पांचपट झाली! यावरून त्या नियमानें खेळाडूंचें किती दडपलें जात होतें, याची कल्पना येईल.

या इतिहासापासून पहिला धडा मिळतो तो असा: मर्यादा माणसाच्या मजुरीस घालणें निराळें, आणि संघाच्या एकंदर खर्चास घालणें निराळें. पहिल्या प्रकारांत कुशल व अकुशल यांना एकाच मापानें मोजलें जातें, व वाचलेला पैसा मालकाच्या पेटींत जातो. दुसऱ्या प्रकारांत एखाद्या खेळाडूस वाटेल तेवढें द्यावें, मात्र सर्व खेळाडूंच्या वेतनाची बेरीज ठरीव रकमेच्या आंत राहिली पाहिजे, असें असतें. घरांतील गृहिणीस महिन्याचा खर्च ठरवून दिलेला असतो. त्यांत तिनें तूप अधिक घ्यावें कीं फळें, हें तिच्या विचारावर असतें, तसाच हा प्रकार आहे.

हा दुसरा प्रकार अमेरिकेंत विशेष रूढ झाला. तेथें फुटबॉल या नांवानें जो खेळ चालतो तो आपल्या फुटबॉलहून भिन्न असून त्यांत चेंडू हातांत घेऊन धांवतात. त्या खेळाच्या मुख्य लीगनें १९९४ पासून प्रत्येक संघाच्या वेतनाच्या बेरजेस मर्यादा घातली. परंतु तीबरोबर तीन गोष्टी आणखी आहेत, त्या विसरतां कामा नयेत. एक, ही मर्यादा खेळाडूंच्या संघटनेशीं करार करून ठरते व लीगचें उत्पन्न वाढलें कीं तीही वाढते. दुसरी, कमाल खर्चाप्रमाणें किमान खर्चाचीही अट असते. म्हणजे कंजूष मालकानें खेळाडूंस उपाशी ठेवून नफा मिळवूं नये. तिसरी, प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा मोठा भाग सर्व संघ आपसांत वाटून घेतात, आणि नवे खेळाडू निवडतांना सर्वांत मागें राहिलेल्या संघास पहिली पाळी देतात. एवढे टेकू लावलेले असल्यामुळें ती मर्यादा उभी राहिली आहे.

युरोपांतील फुटबॉलमध्यें तिसरा प्रकार प्रचारांत आला. तेथें अनेक देश, अनेक लीग व संघांच्या ऐपतींत जमीनअस्मानाचें अंतर. तेव्हां सर्वांस एकच रक्कम लावणें शक्य नव्हतें. म्हणून तेथें खर्चाचें प्रमाण उत्पन्नाशीं बांधण्यांत आलें. युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या स्पर्धांत खेळणाऱ्या संघांनीं वेतन, खेळाडूंची खरेदी व दलाली या तिन्हींवर मिळून उत्पन्नाच्या शेंकडा ७० हून अधिक खर्चूं नये, असा नियम पायरीपायरीनें आणून २०२५-२६ पासून पूर्णपणें लागू झाला. स्पेनच्या लीगमध्यें २०१३ पासून प्रत्येक संघाच्या उत्पन्नाप्रमाणें त्याची खर्चमर्यादा ठरविली जाते. जगप्रसिद्ध लिओनेल मेस्सी यानें २०२१ च्या ऑगस्टांत बार्सिलोना संघ सोडला तो याच कारणानें. संघ त्यास ठेवूं इच्छीत होता, तोही राहूं इच्छीत होता. पण कर्जांत बुडालेल्या संघास नियमाप्रमाणें त्याचा करार नोंदवितां येईना. अंथरूण आंखूड झालें, तेव्हां सर्वांत प्रिय मुलासही त्यावर जागा उरली नाहीं.

आतां आपल्या चार गांवांच्या संघांकडे पुन्हां वळूं. प्रत्येक संघास सारखी १२ लाखांची मर्यादा घातली असें समजा. ठाण्याजवळ ४० लाख आहेत. तें १२ लाख हंसत खर्चील. पण अंबरनाथचें उत्पन्नच १० लाख! बरोबरी करावयाची म्हणून तें १२ लाख खर्चील, तर मर्यादेच्या आंत राहूनही कर्जबाजारी होईल. उलट, प्रत्येकानें उत्पन्नाच्या शेंकडा ७० पर्यंतच खर्च करावा असें ठरविलें, तर ठाण्यास २८ लाख, कल्याणास २१ लाख, डोंबिवलीस १४ लाख व अंबरनाथास ७ लाख खर्चितां येतील. अंबरनाथ बुडणार नाहीं हें खरें. परंतु ठाण्यास हरविणार केव्हां? तात्पर्य, सारखी रक्कम चुरस राखते पण गरिबास वांचवीत नाहीं. आणि उत्पन्नाचें प्रमाण गरिबास वांचवितें पण चुरस राखीत नाहीं. दोन्ही साधावयाचें असेल तर सामाइक उत्पन्नांत सर्वांस वांटा दिला पाहिजे.

संघ बुडणें म्हणजे काय, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं इंग्लंडांतील बरी या गांवाची हकीकत वाचावी. तेथील संघ १८८५ सालीं स्थापन झाला होता व त्यानें १९०० व १९०३ सालीं इंग्लंडचा मानाचा एफ. ए. चषक जिंकला होता. असा जुना संघ कर्जांत रुतला, आणि आपली सांपत्तिक स्थिति ठीक आहे असें त्यास दाखवितां आलें नाहीं, म्हणून २०१९ च्या ऑगस्टांत लीगनें त्यास काढून टाकलें. आजोबांनीं नातवाचा हात धरून ज्या मैदानावर जावें, तें मैदानच ओस पडलें. यानंतर पुढच्याच वर्षीं इंग्लंडच्या तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या संघांनीं अनुक्रमें २५ लाख व १५ लाख पौंडांची वेतनमर्यादा ठरविली. परंतु खेळाडूंच्या संघटनेनें दाद मागितल्यावर २०२१ च्या फेब्रुवारींत लवादानें ती रद्द केली. म्हणजे, ज्यांच्या वेतनाविषयीं नियम करावयाचा त्यांस विश्वासांत न घेतां केलेला नियम टिकत नाहीं, हा दुसरा धडा होय.

आपल्या देशांत हा प्रश्न बराच उशिरां उत्पन्न झाला. मुंबईंत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ सालापासून चालू झाली. तथापि पुढें बहुतेक खेळाडू गिरणी, बँक, रेल्वे किंवा विमान कंपनी अशा ठिकाणीं नोकरीस असत व त्या संस्थेच्या संघांत खेळत. वेतन लहान असे, पण नोकरी पक्की; पाय थकले म्हणजे मनुष्य कचेरींत बसे, व साठीपर्यंत घर चाले. त्यावेळीं वेतनमर्यादेची गोष्टच निघत नसे. पुढें करारावर खेळणाऱ्या खेळाडूंचा काळ आला. वेतन वाढलें, पण आधार गेला. ‘महिंद्र युनायटेड’ या मुंबईच्या संघानें २००५-०६ सालची राष्ट्रीय लीग जिंकली होती. चालक कंपनीनें २०१० सालीं तो संघ बंद केला. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, पंजाबांतील फगवाड्याचा ‘जे. सी. टी.’ संघ, २०११ सालीं बंद झाला. पुण्याचा ‘पुणें एफ. सी.’ हा संघ २००७ सालीं निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्यें दुसरा आला, आणि २०१५ सालीं मिटला. यांतील कोणताही संघ खेळांत नादार नव्हता. त्यांचें उत्पन्न खर्चास पुरत नव्हतें, आणि तूट भरून काढणारा एकच धनी होता. धन्याचें मन किंवा धोरण पालटलें कीं संघाचा दिवा मालवला.

इंडियन सुपर लीगनें ही स्थिति ओळखून प्रत्येक संघाच्या खेळाडूंच्या वेतनास मर्यादा घातली. २०२० च्या सुमारास ती साडेसोळा कोटि रुपयांची होती. तिची खरी परीक्षा मुंबई व गोवा यांच्या उदाहरणानें झाली. २०१९-२० सालीं ‘एफ. सी. गोवा’ हा संघ साखळी सामन्यांत पहिला आला होता. त्याच सुमारास, म्हणजे २०१९ च्या नोव्हेंबरांत, इंग्लंडच्या मॅंचेस्टर सिटीची मालकी असलेल्या समूहानें मुंबई सिटीचा शेंकडा ६५ हिस्सा विकत घेतला. पुढच्या हंगामापूर्वीं गोव्याचे पूर्वीचे शिक्षक सर्जियो लोबेरा मुंबईकडे आले; त्यांच्यामागून ह्यूगो बूमूस, मुर्तदा फॉल, अहमद जाहू हे परदेशी खेळाडू व गोमंतकीय मंदार राव देसाई हेही आले. २०२०-२१ सालीं मुंबईनें साखळींतील पहिला क्रमांक व अंतिम चषक असे दोन्ही मान मिळविले. वाटेंत उपांत्य फेरींत गोव्यास पेनल्टीच्या निर्णयावर हरविलें. दोन्ही संघांस मर्यादा एकच होती. मग मुंबई वरचढ कां झाली? कारण वेतनाची बेरीज बांधतां येते. परंतु शिक्षकाचें ज्ञान, चालकांचा अनुभव, सरावाची सोय व खेळाडूस वाटणारा भरंवसा यांस दोरी लावतां येत नाहीं. मर्यादेमुळें गोव्याचा संघ मोडला नाहीं व मुंबईनें दहा उत्तम संघांचे खेळाडू एकट्यानें जमा केले नाहींत, एवढें मात्र झालें. आणि तेंही कांहीं थोडें नव्हे.

परंतु दुसरी बाजू पाहा. पुण्याचा ‘एफ. सी. पुणें सिटी’ हा याच लीगमधील संघ मालकांच्या आर्थिक अडचणींमुळें २०१९ सालीं मोडला. त्याची जागा हैदराबादच्या संघानें घेतली. त्या संघानें २०२१-२२ सालीं चषक जिंकला. पण दोनच वर्षांत त्याच्या खेळाडूंचीं वेतनें थकलीं, चांगले खेळाडू सोडून गेले, व शेवटीं मालक बदलून २०२५ सालीं संघ दिल्लीस हलला. वेतनमर्यादा होती, तरीही असें झालें! आपल्या काल्पनिक अंबरनाथचीच ही खरीखुरी प्रतिकृति नव्हे काय? पुढें २०२५ सालीं राष्ट्रीय फुटबॉल महासंघ व लीगचे चालक यांच्यामधील कराराची मुदत संपत आली, नवा करार ठरेना, आणि जुलैंत हंगाम स्थगित झाला. ऑगस्टांत बंगळूरच्या संघानें आपल्या पहिल्या संघाच्या खेळाडूंचें वेतन थांबविल्याचें जाहीर केलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबई सिटींतील परदेशी समूहानेंही आपला हिस्सा सोडला. यावरून तिसरा धडा मिळतो: कुंपण बागेचें रक्षण करतें, पण बागेस पाणी देत नाहीं. खर्चाची मर्यादा हें कुंपण आहे. नियमित सामने, भरलेलीं प्रेक्षागृहें, प्रक्षेपणाचें उत्पन्न व त्याची न्याय्य वांटणी हें पाणी आहे.

क्रिकेटच्या लिलावांतही खर्चमर्यादेचें तत्त्व आहे, व आपल्या भागांतील मुलांस तें अधिक परिचयाचें आहे. तेथें प्रत्येक संघास सारख्या रकमेची थैली मिळते. २०२५ च्या हंगामासाठीं ती १२० कोटि रुपयांची होती. परंतु थैली मोठी म्हणून प्रत्येकाचें मोल मोठें होतें असें नाहीं. २०२३ सालीं चेन्नईचा संघ विजयी झाला, त्यांत डोंबिवलींत लहानाचे मोठे झालेले अजिंक्य रहाणे व कल्याणचे तुषार देशपांडे असे दोघेही होते. रहाणे यांची किंमत ५० लाख व देशपांडे यांची २० लाख होती. म्हणजे दोघांची मिळून ७० लाख. त्या वर्षींची थैली ९५ कोटींची होती, तेव्हां हा भाग शेंकडा एकाहूनही कमी! तरीही त्या हंगामांत देशपांडे यांनीं २१ बळी घेतले, व ते आपल्या संघांत सर्वांत अधिक होते. पुढें २०२५ च्या हंगामासाठीं राजस्थानच्या संघानें त्यांस साडेसहा कोटींस घेतलें. रहाणे यांस कलकत्त्यानें दीड कोटींस घेतलें आणि संघाचें नेतृत्व त्यांजकडेच सोंपविलें. किंमत ही त्या दिवशींच्या गरजेची व उरलेल्या थैलीची असते. ती गुणांची कसोटी नव्हे. आपल्या मुलाचें मोल लिलावाच्या हातोडीवरून ठरवूं नये, हें पालकांनीं विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें.

या सर्वांतून निष्पन्न काय होतें? वेतनमर्यादा ही श्रीमंतांस शिक्षा नव्हे व खेळाडूंच्या पोटावर पाय देणेंही नव्हे; निदान ती तशी असूं नये. ती एक परस्परांची शपथ आहे: आपण सर्व खेळत राहावें म्हणून कोणीही वाटेल तितकें उधळूं नये. ही शपथ चांगली ठरावयाची तर चार गोष्टी हव्यात. मर्यादा एकेका माणसाच्या मजुरीस नसून संघाच्या एकंदर खर्चास असावी. ती ठरवितांना खेळाडूंची संमति असावी. सामाइक उत्पन्नाचा वांटा लहान संघांसही पोंचावा. आणि कबूल केलेलें वेतन, मग तें थोडें कां असेना, ठरल्या दिवशीं खेळाडूच्या हातीं पडेल अशी हमी असावी. मोठ्या आंकड्याचा करार करून सहा महिने पगार न देणाऱ्या संघापेक्षां, लहान आंकड्याचा करार करून पहिल्या तारखेस पगार देणारा संघ शतपटीनें चांगला. फुटबॉलपटूचें खेळण्याचें वय बहुधा पस्तिशीपलीकडे जात नाहीं. त्या दहापंधरा वर्षांतील एक वर्ष फुकट जाणें ही कांहीं लहान हानि नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं ज्यांस फुटबॉलचा नाद आहे त्यांनीं तो अवश्य ठेवावा. त्यापासून शरीर बळकट होतें व मिळून मिसळून वागण्याची संवय लागते. परंतु ज्या संघाचा जयजयकार तुम्ही करतां, त्यानें किती गोल केले एवढेंच न पाहतां, तो आपल्या खेळाडूंस वेळेवर वेतन देतो कीं नाहीं, मुलांच्या शिक्षणावर कांहीं खर्च करतो कीं नाहीं, हेंही पाहावयास शिका. आणि पालकांनींही मुलगा एखाद्या संघाच्या शाळेंत घालावयाचा झाला तर तेथील मैदानाची हिरवळ पाहण्याबरोबर संघाचा हिशेब कसा आहे, याची चौकशी करावी. व खेळाबरोबर मुलाचें शालेय शिक्षण सुटणार नाहीं अशी तजवीज आधींच करून ठेवावी. संघ उद्यां असो वा नसो, शिकलेली विद्या कोणत्याही करारानें संपत नाहीं. अंथरुणापुरते पाय पसरणारे संघ जेव्हां आपल्याकडे वाढतील, आणि तें अंथरूणही हळूहळू रुंद होत जाईल, तेव्हांच ठाण्याकल्याणच्या मुलास हा खेळ पोटाचा धंदा म्हणून निर्धास्तपणें पत्करतां येईल.